रिव्हॉल्व्हर, वाजवी भावात

प्राध्यापक अरविंद उतेकर यांना रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना मिळाला, तेव्हा ते अंगाला साबण लावून बसले होते. महाडच्या फ्लॅटमध्ये टपाल सारिकाताईंनी घेतले, उभ्या उभ्या वाचले आणि न्हाणीच्या दाराशी येऊन त्या म्हणाल्या, "अहो, तुमची बंदूक आली."

"बंदूक नव्हे, रिव्हॉल्व्हर," आतून दुरुस्ती आली. "आणि रिव्हॉल्व्हरही नव्हे, परवाना."

"काय असेल ते. पाच वर्षांपूर्वी मागितला होतात. एवढ्या वेळात माणूस कोणाला मारायचं तेच विसरून जातो."

अरविंदराव विसरले नव्हते. आपल्या जिवाला तातडीचा धोका आहे, असा अर्ज त्यांनी केला होता आणि ती तातडी सरकारला पाच वर्षांनी पटली होती. मधल्या काळात अर्जदार विनासायास जिवंत राहिला, ही अर्जाच्या मुळावर येणारी बाब कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. ज्या देशात पुराव्याकडे न पाहण्याची एवढी शिस्त आहे, तेथे आपण आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, या विचाराने त्यांना हसू येत असे. ते हसू विद्यार्थ्यांना फारसे आवडत नसे.

धोका होता तो चुलतभाऊ कुशाबापासून. निवृत्तीनंतर राहायचे म्हणून अरविंदरावांनी वरंधजवळच्या आपल्या वाडीत घर बांधले. घर उत्तम झाले, फक्त त्याकडे जाणारी वाट कुशाबाच्या परड्यातून जात होती. ती वाट आपली की कुशाबाची, याचा निकाल गावकीने लावावा म्हणून बैठक बसली. अरविंदरावांनी नऊ मुद्द्यांत सिद्ध केले की वाट आपलीच आहे. प्रत्येक मुद्दा मागच्यातून निघत होता आणि पुढच्याला जन्म देत होता. गावकी थक्क झाली, म्हणजे निम्मी झोपली. मग कुशाबा उठला, त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि एकच वाक्य बोलला : "आबांचा रिवालवर अजून हाय माझ्या घरात."

युक्तिवादाला इतके आटोपशीर उत्तर अरविंदरावांनी कधी ऐकले नव्हते. आबा म्हणजे कुशाबाचे वडील, मुंबईत एका पेढीच्या रोकडीबरोबर राखणदार म्हणून फिरत. तेव्हाचे ते हत्यार, पुढे रीतसर कुशाबाच्या नावावर झालेले. दुसऱ्या दिवशी वाटेवर काट्यांची वई, म्हणजे कुंपण, पडली, घराला कुलूप लागले, भावाभावांचा अबोला सुरू झाला आणि अरविंदरावांनी परवान्याचा अर्ज लिहायला घेतला.

"हे बघा," सारिकाताईंनी टॉवेल आत देत सांगितले, "बंदूक घ्या नाहीतर तोफ घ्या. यंदाचा गणपती मी त्या घरात बसवणार. वाट असली तर वाटेनं, नसली तर शेतातनं जाईन. आणि तुम्ही आला नाहीत, तर एकटी राहीन तिथं. पण त्या घराला अजून एक वर्ष कुलूप मी बघायची नाही."

सारिकाताई नऊ मुद्द्यांत बोलत नसत. त्यामुळे त्यांचे म्हणणे खोडता येत नसे.

परवान्यावर एक अट होती : ठरावीक मुदतीत हत्यार घेतले नाही, तर परवाना रद्द. अरविंदरावांनी पुण्याच्या एका दुकानदाराला फोन केला. नव्या रिव्हॉल्व्हरची किंमत ऐकून त्यांना क्षणभर वाटले, की माणसे खून करत नाहीत याचे श्रेय आपण उगाच संस्कृतीला देतो. दुकानदार भला होता. म्हणाला, "सर, जुनं बघा. आसपास कोणा परवानेवाल्याला काढायचं असेल. सिंगल अॅक्शन मिळालं तर घ्या, त्याला फार कोणी विचारत नाही. भाव वाजवी पडेल."

सिंगल अॅक्शन म्हणजे काय, हे अरविंदरावांनी अर्थातच वाचून काढले. प्रत्येक गोळीआधी मागचा घोडा अंगठ्याने ओढून बसवावा लागतो. नुसता चाप दाबून काही होत नाही. ही रचना त्यांना फार पसंत पडली. माणसाला मारण्यापूर्वी दर वेळी थोडा विचार करायला लावणारे शस्त्र हे त्यांच्या मते शस्त्रांमध्ये पदवीधर होते.

महाडात काहीही जुने हवे असले, की गणूकडे जातात. गणू पूर्वी बैलबाजारात दलाली करायचा. बैल कमी झाले तसा तो जमिनी, फ्लॅट, मोटारसायकली आणि सोयरिकी यांच्याकडे वळला. रिव्हॉल्व्हर म्हटल्यावर तो दचकलासुद्धा नाही.

"परवाना हाय ना सर? मग झालं. एक हाय नजरेत. शिंगल अॅक्शन, इंग्लंडचा माल. मालकाला सारख्या कचेरीच्या वाऱ्या झेपत नायत, म्हणून काढतोय."

"मालक कोण?"

"ते नाव सांगू नको बोललेत. भाऊबंदकीचा मामला हाय म्हणे. बाहेर कळलं की हत्यार काढलं, तर तो भाऊ डोक्यावर चढंल."

अरविंदरावांना त्या अनोळखी माणसाबद्दल गाढ सहानुभूती वाटली. भाऊबंदकीने पोळलेला आणखी एक सज्जन. "माझंही नाव सांगू नकोस," ते म्हणाले. "माझंही तसंच आहे."

"नाय सांगत," गणू म्हणाला. दोन्ही बाजूंची नावे गुप्त राहिली, की दलाली दोन्हीकडून मिळते, हे तत्त्व तो कोणत्याही महाविद्यालयात न जाता शिकला होता. "रविवारी पाचाडला या. एक खानावळ हाय माझ्या वळखीची. तिथं समदे गड बघायला येतात, माणसाकडं कोण बघत नाय."

रविवारी अरविंदराव पाचाडच्या खानावळीत शिरले, तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावर गणूशेजारी कुशाबा बसला होता.

दोघेही एकदम ताठ झाले. कुशाबाने टोपी उचलली आणि तो उठला. अरविंदराव दाराकडे वळले. गणूला काय झाले ते कळले नाही, पण सौदा हातचा जातोय एवढे त्याच्या लगेच लक्षात आले. "ओ, बसा, बसा! तिघांचं जेवण सांगितलंय. भाकऱ्या थापायला घेतल्यात बाईंनी."

सांगितलेले जेवण टाकून उठणे उतेकरांच्या सात पिढ्यांत कोणाला जमले नव्हते. दोघेही बसले, एकमेकांकडे पाठ करता येईल तितकी करून.

"ह्यालाच घ्यायचाय काय रिवालवर?" कुशाबाने भिंतीला विचारले.

"गणू, त्यांना सांग, की घेणारा मीच आहे," अरविंदरावांनी पाण्याच्या जगला सांगितले.

"कशाला हवाय, इचार त्याला."

"म्हणावं, कारण अर्जात दिलं आहे."

गणूने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "अरे देवा," तो म्हणाला, "तो भाऊ म्हंजे तुमीच काय? दोघंबी?"

अरविंदरावांचे मन मात्र वेगाने धावत होते. रिव्हॉल्व्हर दुसऱ्या कोणाकडून घेतले, तर दोन हत्यारे होतील आणि धोका कायम राहील. हेच घेतले, तर आपण सशस्त्र होऊ आणि त्याच क्षणी कुशाबा निःशस्त्र होईल. एका खरेदीत दोन फळे. एवढे निर्दोष अनुमान त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

"वस्तू बघायला मिळेल का?" त्यांनी विचारले.

कुशाबा टोपी झटकू लागला. गणूच घाईने म्हणाला, "वस्तू बरोबर घिऊन फिरायला ती काय छत्री हाय, सर? वस्तू सुरक्षित हाय. आधी भाव तर ठरू दे."

"भाव बोलायचा तर मी ह्याच्याशी बोलनार नाय," कुशाबा भिंतीला म्हणाला.

"मीही बोलणार नाही."

"बोलायला सांगतंय कोण?" गणूने खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि दोघांच्या मधल्या बाकावर पसरला. "बाजारात बैलाचा भाव कोण बोलतं काय? हात घाला खाली. एक बोट म्हंजे पाच हजार. तळव्यावर टिचकी मारली की नाय. मूठ दाबली की सौदा पक्का, मग माघार नाय."

अरविंदरावांनी या पद्धतीबद्दल वाचले होते. तिच्यावरचा एक निबंधही त्यांनी एकदा तपासला होता आणि त्याला कमी गुण दिले होते. त्यांनी पंच्याखाली हात सरकवला. तिथे दुसरा हात आधीच येऊन थांबला होता. खरबरीत, गार, मनगटाशी धाग्यांचा गुंता बांधलेला. पाच वर्षांत त्यांनी कुशाबाचा आवाज दुरून ऐकला होता, त्याची टोपी वईच्या वर हललेली पाहिली होती. हा हात मात्र पार विसरून गेले होते. पुराच्या पाण्यातून शाळेत जाताना हाच हात त्यांचे मनगट धरून पुढे चालायचा.

कुशाबाने त्यांची पाचही बोटे एकदम धरली, सोडली आणि पुन्हा धरली. पन्नास हजार. अरविंदरावांनी टिचकी मारली आणि तीन बोटे धरली. कुशाबाने इतक्या जोराने टिचकी मारली, की शेजारच्या टेबलावरच्या पर्यटकांनी वळून पाहिले. पाहणाऱ्याला एवढेच दिसले असते, की दोन वयस्क गृहस्थ एकमेकांकडे पाठ फिरवून, चेहऱ्यावर कमालीचा तिरस्कार घेऊन, पंच्याखाली हातात हात धरून बसले आहेत. भाकऱ्या आल्या, पिठले आले. दोघांनीही उरलेल्या हाताने जेवायला सुरुवात केली. कुशाबाचा मोकळा हात डावा होता, त्यामुळे त्याची भाकरी मोडेना. अरविंदरावांनी उजव्या हाताने त्याच्या भाकरीचे तुकडे करून त्याच्याकडे ढकलले.

सात बोटांवर मूठ दाबली गेली.

दाबली गेली, पण सुटेना. कोणी आधी सोडायची हे गणूने सांगितले नव्हते आणि विचारायचे तर बोलावे लागले असते. शेवटी गणूच म्हणाला, "झालं नं? सोडा आता. ताक सांडंल."

विक्रीची खबर ठाण्यात द्यायची असते, म्हणून मंगळवारी दोघे पोलीस ठाण्यात हजर झाले. एकाच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. सारिकाताई गाडी घेऊन बाहेर थांबल्या होत्या. गाडीत मखर, समया आणि दोन ट्रंका होत्या. कामाचे काय व्हायचे ते होवो, त्या तिथूनच वाडीला जाणार होत्या.

सहायक निरीक्षक प्रियदर्शिनी मॅडम महिन्यापूर्वीच बदलून आल्या होत्या. त्यांना एक घातक सवय होती, ती म्हणजे समोरचा कागद वाचण्याची. त्यांनी अरविंदरावांचा अर्ज वाचला, कुशाबाची खबर वाचली, मग पुन्हा अर्ज वाचला.

"सर, तुमच्या जिवाला धोका कोणापासून आहे?"

अरविंदरावांनी घसा साफ केला. "यांच्यापासून."

"आणि त्या धोक्यापासून बचावासाठी रिव्हॉल्व्हर कोणाकडून घेताय?"

"यांच्याकडून."

"काका, तुम्ही यांना मारायची धमकी दिली होतीत?"

"मी फक्त बोल्लो, आबांचा रिवालवर घरात हाय."

"आणि तोच आता यांना विकताय."

"वाजवी भावात," कुशाबा म्हणाला.

मॅडमनी पेन खाली ठेवले. "सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवायचात ना? मग मला मदत करा. हे हत्यार यांच्याकडून तुमच्याकडे आलं, की यांच्यापासून तुम्हाला धोका उरत नाही. धोका उरला नाही, की परवान्याचं कारण उरत नाही. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही हे रिव्हॉल्व्हर घ्याल, त्या क्षणी ते तुम्हाला ठेवता येणार नाही."

अरविंदरावांनी ते मनात पुन्हा मांडून पाहिले. गेल्या रविवारी ज्या अनुमानाचे त्यांना कौतुक वाटले होते, त्याच्यातच ही सुरी होती आणि ती त्यांना दिसली नव्हती.

"आणि मॅडम," कुशाबाला आता कंठ फुटला, "ह्याच्याकडं हत्यार आलं, की धोका मला नाय काय? मग मला परवाना पायजे. लिवा माझा अर्ज."

"तुमच्याकडे परवाना आहे, काका."

"मग हत्यार पायजे."

"ते तर तुम्ही विकताय!" मॅडमचा आवाज चढला. मग त्या एकदम थांबल्या. "एक मिनिट. कुशाबा उतेकर? आबा उतेकरांचं इंग्लिश रिव्हॉल्व्हर?" त्या उठल्या, मागच्या लोखंडी कपाटाचे कुलूप काढले आणि खालच्या फळीवरून जाड कापडात गुंडाळलेले गाठोडे आणून टेबलावर ठेवले. "गेल्या आठवड्यात कपाट लावून घेताना सापडलं. हे घरात नाहीच. हे इथंच आहे."

"कधीपासून?" अरविंदरावांनी विचारले.

मॅडमनी कुशाबाकडे पाहिले. कुशाबाने छताकडे पाहिले.

"निवडणूक लागली की जमा करायला लागतं," तो छताला म्हणाला. "जमा केलं, मग आणायला येनार तर दुसरी लागली. ती झाली तर तिसरी. ग्रामपंचायत झाली, आमदारकी झाली, खासदारकी झाली. कोण एवढं ने-आण करंल? बोल्लो, ऱ्हाऊ दे तिथंच, सरकार सांभाळतंय."

"म्हणजे त्या बैठकीच्या वेळी…"

"हितंच होता."

अरविंदरावांनी आधी टेबलाकडे पाहिले, मग कपाटाकडे. धमकीची चौकशी याच खोलीत झाली होती. ज्या टेबलावर 'धोका खरा आहे' असा शेरा लिहिला गेला, त्याच्या पाठीशीच हे कपाट होते. पाच वर्षे प्रश्न आणि उत्तर एकाच छताखाली पाठीला पाठ लावून बसले होते आणि मान वळवून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. या व्यवस्थेवर त्यांना एक जळजळीत वाक्य सुचले. मग लक्षात आले, की मान त्यांनीही वळवली नव्हती.

"तू म्हणालास घरात आहे," ते म्हणाले. पाच वर्षांत कुशाबाशी थेट बोललेले हे त्यांचे पहिले वाक्य होते.

"खोटं बोल्लो! भांडणात काय खरं बोलायचं असतंय काय? तुझे नऊ मुद्दे, माझ्याकडं एकबी नाय. मग काय करू? रडू?"

मॅडमनी कापड सोडले. रिव्हॉल्व्हर गंजून तपकिरी झाले होते. त्यांनी ते रिकामे असल्याची खात्री केली आणि घोड्याला अंगठा लावला. घोडा हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही.

"हा आबांच्या वेळेपासनं अडकलेला," कुशाबा म्हणाला. आता सगळेच सांगून टाकायला हरकत नव्हती.

"आणि हे तू मला विकत होतास?"

"वाजवी भावात बोल्लो, चालू हाय कुठं बोल्लो?"

मॅडमनी दोघांसाठी पाणी मागवले आणि अरविंदरावांसमोर कागद सरकवला. "सर, मी एकच विचारते आणि तुमचं उत्तर लिहून घेते. तुम्हाला या काकांपासून आजही धोका आहे? हो म्हणालात, तर परवाना राहील, पण मला काकांवर कारवाई करावी लागेल. नाही म्हणालात, तर परवाना आत्ताच परत करा."

अरविंदरावांनी शेजारी पाहिले. कुशाबा पेला दोन्ही हातांत धरून पाणी पीत होता. खिडकीतून बाहेरची गाडी दिसत होती आणि तिच्या काचेला टेकलेले मखर.

"नाही," ते म्हणाले आणि खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवला. कुशाबानेही रिव्हॉल्व्हर सरकारजमा करण्याच्या कागदावर सही केली. मॅडमच्या चेहऱ्यावर दोन वारसांची वाटणी बिनतक्रार झाल्याचे समाधान होते.

बाहेर आल्यावर कुशाबा पायरीवरच थांबला.

"मूठ दाबलीय," तो म्हणाला.

"वस्तूच राहिली नाही, कुशादादा. सौदा संपला."

"मी बाजारात कधी मूठ फिरवली नाय. सात बोटं ठरलीत. वस्तू नाय तर दुसरी घे." त्याने चपलेने पायरीवरचा खडा उडवला. "वाट घे. गाडी जाईल एवढी. कागद करून देतो."

वाट माझीच आहे, हे वाक्य अरविंदरावांच्या जिभेवर आले. त्याच्या पाठोपाठ पहिला मुद्दा आला, त्याचे बोट धरून दुसरा, मग ओळीने नऊच्या नऊ. पाच वर्षांत एकही म्हातारा झाला नव्हता. जी वस्तू आपली आहे ती विकत घेणारा माणूस तर्काच्या कोणत्याही पुस्तकात बसत नाही. त्यांनी नऊ मुद्दे एकामागून एक गिळले. शेवटचा फार कडू होता.

"घेतली," ते म्हणाले.

कुशाबा गाडीत पुढच्या सीटवर बसला, कारण मागे ट्रंका होत्या. अरविंदराव मागे, समया मांडीवर घेऊन. सारिकाताईंनी गाडी थेट वाडीला घेतली. वाडीत पोचल्यावर कुशाबा कोयता घेऊन आला आणि वईचे काटे तोडू लागला. अरविंदराव तोडलेली फांदी ओढून बाजूला टाकू लागले.

सारिकाताई ओसरीवर कुलुपाशी झटत होत्या. तेवढ्यात वईकडून आरडाओरड सुरू झाली.

"खरं सांगू काय?" कुशाबा ओरडत होता. "तुला वाट फुकट देनार होतो ह्या दिवाळीला! भाऊ म्हणून! तूच पंच्यात हात घातलास!"

"फुकट? माझीच वाट मला फुकट? आणि ऐक, मी दहा बोटं द्यायला निघालो होतो! दहा! तूच सातावर मूठ दाबलीस!"

"दहा? मग आधी का नाय धरलीस, शहाण्या?"

"कारण तो वाजवी भाव नव्हता!"

कुशाबाची बायको ठकूबाई हातातले सूप तसेच धरून धावत आली. "सारिका! गो, काय झालं? ह्यांच्या हातात कोयता हाय!"

सारिकाताईंनी कान देऊन ऐकले. मग किल्ली कुलपात फिरवली आणि पाच वर्षे बंद असलेले दार खांद्याने ढकलून उघडले.

"काही नाही, ठकूताई. बोलायला लागलेत," त्या म्हणाल्या. "या, ही ट्रंक जरा त्या बाजूनं धरा."